ग्राहकाचा चेक परत आला: पहिल्या दिवसापासून कोर्टापर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

चेक परत आला की छोटा धंदेवाईक आधी ग्राहकाला फोन लावतो. पलीकडून उत्तर येतं, "सोमवारी परत टाका." सोमवारी टाकला, पुन्हा परत. मग "गावी आलोय, आल्यावर बघतो." मग गणपती येतात, मग दिवाळी. शेवटी कोणीतरी वकिलाचं नाव सुचवतं, आणि वकील बँकेच्या मेमोवरची (चेक का परत आला ते सांगणाऱ्या चिठ्ठीवरची) तारीख बघून विचारतो, "इतके दिवस काय करत होतात?"

फोन करण्यात चूक नाही. पैसे बहुतेक वेळा फोनवरच सुटतात. चूक होते ती फोन चालू असताना तारखा मोजायचं राहून जातं तिथे. बोलणी आणि मुदती या दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही.

खालचे टप्पे उधारीवर माल किंवा सेवा देणाऱ्यांसाठी आहेत: लोहार चाळीतला इलेक्ट्रिकवाला, हिंदमाताचा कापडवाला, साकीनाक्याला गाळा असलेला जॉबवर्कवाला, लालबागचा मसालेवाला. कायदा म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ चं कलम १३८, ज्याखाली चेक परत येणं हा गुन्हा ठरू शकतो. कोर्टात सगळे त्याला 'वन थर्टी एट' म्हणतात.

आधी चार मुदती भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा:

- चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिने चालतो. पूर्वी सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून तीन.
- चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे.
- नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला ग्राहकाला १५ दिवस.
- ते १५ दिवस संपल्यावर तक्रार दाखल करायला एक महिना.

## टप्पा १: चेक घेतानाची तयारी

परत आलेल्या चेकचं अर्धं काम तो हातात घेतानाच झालेलं असतं, किंवा राहिलेलं असतं. काउंटरवर दोन मिनिटं लागतात.

तारीख बघा. अंकातली आणि अक्षरी रक्कम जुळते का बघा. नाव तुमच्या बँक खात्याच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. दुकानाच्या पाटीवर 'साई एंटरप्रायझेस' आणि खातं 'श्री साई एंटरप्रायझेस' असेल तर बँक अडवू शकते. खाडाखोड चालत नाही. आता क्लिअरिंगला (समोरच्याच्या बँकेकडे वटवायला) चेकची फक्त प्रतिमा जाते, त्यामुळे नावात किंवा रकमेत दुरुस्ती करून शेजारी सही केली तरी उपयोग नाही. नवा चेक मागा.

चेक कोणाच्या खात्याचा आहे? माल घेतला भावाने आणि चेक दिला वहिनीच्या खात्याचा, हा प्रकार मुंबईत रोजचा आहे. कलम १३८ खाली जबाबदार धरता येतं ते ज्याच्या खात्याचा चेक आहे आणि ज्याने सही केली आहे त्यालाच. खातं जॉइंट असेल तर सही न करणाऱ्या खातेदाराला त्यात ओढता येत नाही. दुसऱ्याच्या खात्याचा चेक घेणारच असाल तर 'अमुक बिलापोटी मी माझ्या खात्याचा चेक देत आहे' अशी एक ओळ चेक देणाऱ्याच्या सहीने घ्या. व्हॉट्सअॅपवर आली तरी हरकत नाही.

बंद पडलेल्या बँकेच्या नावाचं जुनं चेकबुक घेऊन फिरणारे अजून भेटतात. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिचं नाव छापलेला चेक आज कागदाचा तुकडा आहे.

रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर विचारा: "पॉझिटिव्ह पे केलंय का?" मोठ्या रकमेचा चेक दिल्यावर त्याचा तपशील आपल्या बँकेला अॅपवर कळवायची ही सोय आहे. ५ लाख आणि त्यावरच्या चेकला काही बँका ती सक्तीची करतात. ग्राहक विसरला की खात्यात पैसे असूनही चेक परत येतो.

शेवटी चेकचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि चेक नंबर त्या बिलाच्या ऑफिस कॉपीवर लिहा. चेक कोणत्या बिलाचा, हे त्याच दिवशी लिहून ठेवलं नाही तर सहा महिन्यांनी ते कोणालाच आठवत नाही. समोरच्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

सावधान: चलानवर माल घेणाऱ्याची सही आणि शिक्का नसेल तर चेक कितीही खरा असला तरी पुढे "माल मिळालाच नाही" हे ऐकायची तयारी ठेवा. टेम्पोवाल्याला सांगून ठेवा, सहीशिवाय माल उतरवायचा नाही.

## टप्पा २: चेक परत आला, पहिले दोन दिवस

४ ऑक्टोबर २०२५ पासून बँका चेक एका ठरावीक वेळी गठ्ठ्याने न पाठवता दिवसभर सतत क्लिअरिंगला पाठवतात. त्यामुळे चेक पास झाला की परत आला हे बहुधा त्याच संध्याकाळी कळतं, आणि तेही मेसेजने. पूर्वी मेमो घेऊन शिपाई यायचा तेव्हा तारीख सुरू झाली असं लोक धरायचे. ती सवय आता महागात पडते. बँकेचा मेसेज, ईमेल, पासबुकातली नोंद यांतलं जे आधी आलं, त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. मेमो आठ दिवसांनी मिळाला म्हणून आठ दिवस जास्त मिळतात, असा वाद कोर्टात घालता येईल, पण तो घालायची वेळच कशाला आणायची?

पहिल्या दोन दिवसांत एवढं करा:

१. बँकेत जाऊन मूळ चेक आणि रिटर्न मेमो ताब्यात घ्या. मेमोवर बँकेचा शिक्का किंवा अधिकृत खूण हवी. तसा मेमो कोर्टात चेक परत आल्याचा पुरावा म्हणून चालतो (कलम १४६). ईमेलवर नुसती पीडीएफ आली असेल तर शाखेतून शिक्का मारून घ्या.

२. मेमोवरचं कारण वाचा. सगळी कारणं सारखी नसतात.

'फंड्स इनसफिशंट' किंवा 'एक्सीड्स अरेंजमेंट' असेल तर सरळ आहे: खात्यात पैसे नाहीत किंवा ओव्हरड्राफ्टची मर्यादा संपली. 'पेमेंट स्टॉप्ड', 'अकाउंट क्लोज्ड' आणि 'सही जुळत नाही' ही कारणं पाहून पुष्कळ जण समजतात की वन थर्टी एट लागत नाही. लागतं. सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही प्रकारांत गुन्हा होऊ शकतो असं वेगवेगळ्या निकालांत सांगितलं आहे. खातं बंद करून पळवाट काढता येत नाही. मात्र पेमेंट थांबवणाऱ्याने खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवायला खरंच कारण होतं हे सिद्ध केलं तर तो सुटू शकतो. म्हणून असं कारण असेल तर आधी स्वतःच्या फायली तपासा. खराब मालाची तक्रार आली होती का? डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) आली होती का? तुमच्या सेल्समनने ती तुम्हाला न सांगता खिशात ठेवली होती का?

याउलट पॉझिटिव्ह पे न केल्यामुळे, तारीख शिळी झाल्यामुळे किंवा प्रतिमा अस्पष्ट असल्यामुळे चेक परत आला असेल तर ग्राहकावर ओरडण्यात अर्थ नाही. आणखी एक कारण मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दोनदा तरी पाहिलं आहे: बँकच अडकणे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा खात्यात पैसे असलेल्या माणसांनाही ते काढता येत नव्हते. तशा ग्राहकाशी हप्ते ठरवणंच शहाणपणाचं.

३. हिशोबात नोंद उलटवा. टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चेक जमा दाखवला असेल तर बँक खात्यातून तेवढी रक्कम वजा, ग्राहकाच्या नावे पुन्हा येणं. रिटर्नचा बँक चार्ज वेगळा लिहा. ही नोंद राहिली की महिन्याच्या यादीत ग्राहक 'चुकता' दिसतो, दुकानातला मुलगा त्याला नवा माल देतो आणि येणं दुप्पट होतं.

४. माल थांबवा. शांतपणे, न भांडता, पण थांबवा. मध्ये दलाल असेल तर त्याच दिवशी त्यालाही कळवा.

तपासा: जीएसटी. चेक परत आला तरी बिलावर भरलेला कर परत मिळत नाही. बुडीत उधारीसाठी जीएसटीत सूट नाही. रागाच्या भरात बिल रद्द करू नका किंवा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढू नका. तुम्हीच क्रेडिट नोट काढलीत तर येणंच उरलं नाही, असं तुमच्याच कागदावरून दिसेल.

## टप्पा ३: फोन, आणि पुन्हा टाकायचा का हा प्रश्न

आता फोन करा. आवाज चढवायची गरज नाही. "तुमचा अमुक नंबरचा, इतक्या रकमेचा चेक काल परत आलाय, मेमो माझ्याकडे आहे. पैसे कधी आणि कसे देताय?" एवढंच. फोन ठेवल्यावर तेच वाक्य व्हॉट्सअॅपवर पाठवा, मेमोच्या फोटोसकट. पलीकडून "हो भाऊ, शुक्रवारपर्यंत करतो" असं उत्तर आलं तर ते सोन्यासारखं जपा. त्यात त्याने देणं कबूल केलं आहे.

पैसे आरटीजीएस, एनईएफटी किंवा यूपीआयने मागा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालतं. "आज बँक बंद आहे" ही सबब आता चालत नाही, हे हसतहसत सांगून टाका. रोख देतो म्हणाला तर लक्षात ठेवा, एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि दंड होतो तो पैसे घेणाऱ्याला.

चेक पुन्हा टाकावा का? तीन महिन्यांच्या आत टाकता येतो, आणि दुसऱ्यांदा परत आल्यावर त्या रिटर्नपासून नव्याने ३० दिवस मिळतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पण याच सोयीने लोक फसतात. माझं मत सरळ आहे: ग्राहकाने लेखी तारीख दिली असेल तर एकदा टाका. दुसऱ्यांदा परत आला की पुन्हा टाकणं बंद आणि नोटीस चालू. तिसऱ्यांदा टाकायला सांगणारा ग्राहक चेकची तीन महिन्यांची मुदत संपण्याची वाट बघत असतो.

सावधान: मूळ चेक परत करू नका. "नवा चेक देतो, जुना द्या" हे फार गोड वाटतं. जुना चेक आणि मेमो तुमच्याकडेच राहतात, पैसे खात्यात दिसेपर्यंत.

सावधान: थोडे पैसे आले असतील तर पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकू नका. ही चूक सगळ्यांत महाग आहे. एक लाखाचा चेक हातात असताना ग्राहकाने चाळीस हजार यूपीआय केले आणि तुम्ही एक लाखाचाच चेक टाकलात, तर तो टाकला त्या दिवशी येणं साठ हजारच होतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात वन थर्टी एट लागत नाही असं ठरवलं. एकतर मिळालेली रक्कम चेकवर नोंदवा, किंवा बाकीच्या रकमेचा नवा चेक घ्या. दुसरा मार्ग सोपा.

## टप्पा ४: नोटीस

नोटीस वकिलानेच पाठवली पाहिजे असा नियम नाही. तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीने पाठवलेली नोटीसही कायद्याला चालते. रक्कम मोठी असेल किंवा समोर कंपनी असेल तर वकिलाकडून करून घ्या. पंधरा-वीस हजारांसाठी स्वतः लिहिलीत तरी पुरे, फक्त मजकूर नेमका हवा.

कोणाच्या नावे? प्रोप्रायटरी दुकान असेल तर मालकाच्या नावे, दुकानाच्या नावासकट. भागीदारी पेढी असेल तर पेढी आणि सही करणारा भागीदार, शिवाय व्यवहार बघणारे इतर भागीदार. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीला स्वतःच्या नावाने नोटीस जायलाच हवी, आणि सही करणाऱ्या डायरेक्टरला वेगळी. फक्त डायरेक्टरला नोटीस आणि फक्त त्याच्यावर केस, कंपनी बाजूला, अशी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पडली आहेत.

काय लिहायचं? बिल नंबर आणि तारीख, माल दिल्याची तारीख, चेक नंबर, तारीख, बँक आणि शाखा, रक्कम, कोणत्या बँकेत टाकला, कधी परत आला, मेमोवरचं कारण जसंच्या तसं. मग मागणी: 'ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम रुपये अमुक द्यावी, नाहीतर कलम १३८ खाली कारवाई करू.'

रकमेबद्दल दोनदा वाचा. नोटिशीत मागायची रक्कम म्हणजे चेकची रक्कम, पैशापर्यंत. व्याज, बँक चार्ज, वकील फी मागायची असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात, वेगळी म्हणून लिहा. सगळं एकत्र करून एकच आकडा टाकू नका. २०२५ मधलं एक प्रकरण असं: चेक एक कोटीचा आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची. पाठवणाऱ्याने टायपिंगची चूक म्हणून सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि केस गेली. कॉपी-पेस्ट करून नोटिसा काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

भाषा सभ्य ठेवा. "फसवणूक", "चोर", "बदनामी करू", "तुमच्या सोसायटीत येऊन सांगू" असलं काही लिहू नका. ही नोटीस पुढे मॅजिस्ट्रेट वाचणार आहे.

कुठे पाठवायची? एकाच पत्त्यावर थांबू नका. मुंबईत भाड्याचा गाळा कधी बदलेल सांगता येत नाही. बिलावरचा पत्ता, जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून दिसणारा मुख्य पत्ता, आणि माहीत असेल तर घरचा पत्ता, तिन्हींवर पाठवा. पिनकोड तपासा.

कशी? पोस्टाने. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. म्हणून काउंटरवर स्पीड पोस्ट सांगताना नोंदणी आणि पोचपावती हवी असं मुद्दाम बोला. पावती जपा. ती थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, नाहीतर वर्षभरात कोरी होते. डिलिव्हरी झाल्यावर पोस्टाच्या साइटवरून ट्रॅकिंगचं पान छापून घ्या. ही माहिती तिथे कायम राहत नाही. व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर प्रत पाठवा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

पाकीट 'घेण्यास नकार' किंवा 'दार बंद' अशा शेऱ्याने परत आलं तर घाबरू नका आणि ते फोडू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असं कोर्ट गृहीत धरतं. ते पाकीट जसंच्या तसं, बंद, पोस्टाच्या शेऱ्यासकट फायलीत ठेवा.

तपासा: ३० दिवसांची मुदत हुकली तर कोर्ट ती माफ करत नाही. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या उशिराला तशी सोय नाही. म्हणून तिसाव्या दिवसाची वाट बघू नका. फोननंतर आठवड्यात पैसे आले नाहीत की नोटीस जाऊ द्या. नोटीस गेली म्हणून संबंध तुटत नाहीत. उलट अनेकांचा पहिला खरा फोन नोटीस हातात पडल्यावरच येतो.

## टप्पा ५: तारखांचं गणित

इथे उदाहरणच घेऊ. चेकवर तारीख १ जून २०२६.

सोमवार, ८ जूनला चेक परत आल्याचा मेसेज आला. तो दिवस सोडून मोजायचं: ९ जून हा पहिला दिवस, तिसावा दिवस ८ जुलै. नोटीस फार तर तोपर्यंत.

तुम्ही नोटीस १२ जूनला पाठवली, ग्राहकाला १५ जूनला मिळाली. १६ जून हा पहिला दिवस, पंधरावा दिवस ३० जून. ३० जूनच्या रात्रीपर्यंत त्याने पैसे दिले तर गुन्हा झालाच नाही.

१ जुलैला तक्रारीचा हक्क सुरू होतो. तिथून एक महिना, म्हणजे १ ऑगस्टपर्यंत तक्रार दाखल व्हायला हवी. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, ३० दिवस नाही. तरी काठावर जाऊ नका. वकिलाला 'जुलैचा तिसरा आठवडा' ही तारीख द्या.

घाईसुद्धा नडते. ३० जूनच्या आत, म्हणजे १५ दिवस पुरे व्हायच्या आधी केलेली तक्रार टिकत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकालात काढला आहे.

अनेक चेक परत आले असतील तर प्रत्येकाची वेगळी ओळ करा: चेक नंबर, परतीची तारीख, नोटिशीची शेवटची तारीख, नोटीस मिळाली ती तारीख, पंधरावा दिवस, तक्रारीची शेवटची तारीख. वहीत किंवा एक्सेलमध्ये, कुठेही, फक्त ते काम एकाच माणसाकडे सोपवा. दोघांकडे असलं की दोघेही समजतात दुसरा बघतोय.

## टप्पा ६: नोटिशीनंतर काय येऊ शकतं

पूर्ण पैसे आले: पावती द्या, खातं मिटवा, चेक परत करा आणि परत दिल्याची सही घ्या. विषय संपला.

काही पैसे आले: घ्या, पण 'चेक नंबर अमुकपोटी अंशतः मिळाले, बाकी रुपये अमुक, नोटीस कायम' असं लगेच लिहून कळवा. गप्प बसलात तर नंतर "हिशोब मिटला होता" असं ऐकावं लागेल.

उलट नोटीस आली: 'माल खराब होता', 'चेक सिक्युरिटीसाठी दिला होता', 'कोरा चेक दिला होता, रक्कम यांनी भरली' ही नेहमीची तीन उत्तरं. चेकवरची सही मान्य असेल तर तो चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं (कलम १३९), आणि तसं नव्हतं हे दाखवायचं काम चेक देणाऱ्याकडे जातं. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तरी हे लागू पडतं. सिक्युरिटीचा चेकही देणं थकल्यावर टाकला असेल तर तेवढ्यावर सुटका नाही. पण कोर्टाचं गृहीतक तुमच्या ढिसाळ कागदांवर पांघरूण घालत नाही. खराब मालाच्या मुद्द्याला चलान आणि जुने मेसेज जोडून लेखी उत्तर द्या.

काहीच आलं नाही: पुढच्या टप्प्यावर जा.

सावधान: या काळात पोलीस ठाण्यात जाऊन वेळ घालवू नका. कलम १३८ ची तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे लेखी करायची असते, तिथे एफआयआर होत नाही. ओळखीच्या हवालदाराकडून दम देणं तर अजिबात नको. पुढे तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

## टप्पा ७: तक्रार कुठे आणि काय घेऊन

कोणतं कोर्ट हे तुमच्या दुकानावरून ठरत नाही, ग्राहकाच्या घरावरूनही नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात टाकलेला चेक असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट. चेक तुम्ही जवळच्या दुसऱ्या शाखेच्या पेटीत टाकलात तरी धरली जाते ती मूळ शाखा. दुकान दादरला, राहता डोंबिवलीला आणि खातं घराजवळच्या शाखेत उघडलेलं असेल तर तक्रार कल्याणच्या कोर्टात. मुंबईत शाखेप्रमाणे किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव, दादर, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विक्रोळी, मुलुंड असं काहीही येऊ शकतं. वकील त्या कोर्टात रोज जाणारा बघा. फोर्टातला मोठा वकील मुलुंडच्या तारखेला ज्युनियर पाठवतो आणि ज्युनियरला तुमचा माल साबण होता की सळई हेही ठाऊक नसतं.

फाइलमध्ये: मूळ चेक, शिक्क्याचा मेमो, बिलं, सहीची चलानं, ग्राहकाचा खातेउतारा, नोटिशीची प्रत, पोस्टाच्या पावत्या, ट्रॅकिंग, पोचपावती किंवा बंद पाकीट, आलेलं उत्तर, तुमचा गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) आणि जीएसटीचा दाखला. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट आणि टॅलीचा उतारा जोडत असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. नुसते छापील कागद पुरत नाहीत. महाराष्ट्रात या तक्रारीला चेकच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी लागते, ती आधी विचारून घ्या.

कोर्टात कोण उभं राहणार, हेही आत्ताच ठरवा. मालकाला जमत नसेल तर मॅनेजर किंवा मुलगा कुलमुखत्यारपत्रावर चालतो, पण त्याला व्यवहाराची स्वतःची माहिती हवी आणि तसं तक्रारीत लिहिलेलं हवं. व्यवहार दोन वर्षांपूर्वीचा आणि मॅनेजर मागच्या महिन्यात लागलेला, असं उलटतपासणीत टिकत नाही.

किती वेळ लागेल? सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलं आहे. मुंबईत वर्षं जातात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. व्यापाऱ्याला उपयोगी पडणारी गोष्ट मात्र दुसरीच: २०१८ च्या दुरुस्तीनंतर, आरोपीने गुन्हा नाकारल्यावर कोर्ट त्याला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं (कलम १४३अ). ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. वकिलाला आठवण करा.

## ३० दिवस हुकले असतील तर

आधी चेकचे तीन महिने शिल्लक आहेत का बघा. असतील तर पुन्हा टाका, परत आला की नव्याने ३० दिवस.

तेही गेले असतील तर वन थर्टी एट गेलं, पैसे गेले नाहीत. वसुलीचा दिवाणी दावा साधारण तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि चेकच्या आधारावर समरी सूटही (लवकर निकालासाठीचा संक्षिप्त दावा) करता येते. व्यापारी व्यवहार ३ लाख किंवा त्यावरचा असेल तर तातडीचा आदेश मागायचा नसताना आधी मध्यस्थीचा टप्पा सक्तीचा आहे. तुम्ही स्वतः माल बनवणारे किंवा सेवा देणारे सूक्ष्म-लघु उद्योग असाल आणि मालाच्या आधीपासून उद्यम नोंदणी असेल तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर थकबाकीची तक्रार करता येते, तिथे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट लागतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असूनही ही सोय मिळत नाही.

## टप्पा ८: तडजोड

बहुतेक प्रकरणं शेवटी इथेच येतात. कायदाही तडजोडीला परवानगी देतो (कलम १४७), आणि राष्ट्रीय लोकअदालतीत या केसेस मोठ्या संख्येने मिटतात. पहिल्या समन्सनंतर ग्राहकाचा वकील "हप्ते करून द्या" म्हणेल. व्याज सोडायला तयार असा, मुद्दल नाही. वर्षानुवर्षं तारखांना जाणारा तुमचा दिवस हाही खर्चच आहे, तो धरून आकडा ठरवा.

हप्ते ठरले तर कोर्टात लेखी अटी दाखल करा: किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, आणि एक हप्ता चुकला तर काय. लोकअदालतीत मिटवलं तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, म्हणून शक्य असेल तर तिथेच नोंदवा. शेवटचा हप्ता खात्यात दिसल्याशिवाय केस मागे घेण्याच्या अर्जावर सही करू नका. "सही करा, संध्याकाळपर्यंत टाकतो" असं कोर्टाच्या जिन्यात सांगितलं जातं. तारीख पुढची घ्या.

पैसे आले की मूळ चेक परत करताना पाठीमागे 'रक्कम मिळाली' असं लिहून दोघांच्या सह्या घ्या, झेरॉक्स ठेवा, टॅलीत खातं मिटवा. आणि त्या ग्राहकाच्या खात्यासमोर उधारीची मर्यादा शून्य करून ठेवा. पुन्हा माल हवा असेल तर आधी पैसे खात्यात, मग टेम्पो.